फियाट डिलाइटला नवा बंपर बसत नाही : भोक वाढवू की परत पाठवू?

डिलाइट_सत्तर (अमळनेर)

राम राम मंडळी. घरी १९७० ची फियाट ११०० डिलाइट आहे, वडिलांनी पारोळ्याच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. इंजिनाचं काम मागेच झालं. गाडी रोज नाही, पण आठवड्याला चोपड्यापर्यंत जाऊन येते. राहिला होता बंपरचा विषय. दोन्हींच्या क्रोमचे पापुद्रे निघालेत, आणि पुढच्याला आतून एवढा गंज की पेचकस टेकवला तर आरपार गेला.

शेवटी नवी जोडी मागवली. कंपनीची आता मिळणार कुठून, बाहेरची पॅटर्नची. खोकं उघडलं तेव्हा घरातले सगळे त्यात आपलं तोंड बघायला गोळा झाले, इतकी चकचकीत. बसवायला घेतली आणि तिथे अडलं. डावीकडचे बोल्ट सरळ गेले. उजवीकडे बंपरचं भोक आणि ब्रॅकेटचं भोक यांत जवळपास एका बोल्टच्या जाडीचा फरक. जोर लावून उजवी बाजू जुळवली तर डावं टोक मडगार्डला टेकतं आणि उजवीकडे करंगळी जाईल एवढी फट राहते.

मेकॅनिक म्हणतो ग्राइंडर मारून भोक लांबट करू, मोठा वॉशर टाकू, कोणाला दिसतंय. विक्रेता परत घ्यायला तयार आहे, पण ट्रान्सपोर्ट आपलं. मेहुणे म्हणतात जुनाच प्लेटिंगला टाका. काय करू?

आग्रारोड (धुळे)

भो, पहिले तो ग्राइंडर दूर ठेव. नवा बंपरले भोक पाडानं नही, वाढावानं बी नही. क्रोमची कड एकदा कापली की खालचं लोखंड उघडं पडतं. पहिल्याच पावसाळ्यात त्या भोकापासून गंज आत शिरतो आणि वरचं क्रोम उचलून फेकतो. वाढवायचंच तर ब्रॅकेटचं भोक वाढव. ब्रॅकेट मागे लपलेलं असतं, त्याला पुन्हा रंग मारता येतो.

पण ते पण लगेच नको. आधी एक काम कर. तो सडका जुना बंपर परत लावून बघ. सहज बसतो का?

इंची_पाना (जळगाव)

परत पाठवा, दुसरा विचार नको. हे पॅटर्नवाले कुठला तरी जुना बंपर समोर ठेवून साचा करतात. तो जुना स्वतः किती वेळा ठोकून सरळ केलेला असतो देव जाणे. पत्रा पण बारीक वापरतात. व्हर्निअर लावून बघा. १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर. तेवढाच निघाला तर हॉलमध्ये शोकेसला ठेवा. माझ्या मते बंपरला १४ गेज, म्हणजे २ मिलिमीटर तरी हवा.

माझ्या मार्क थ्री अँबॅसिडरसाठी मी कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून जुना अस्सल बंपर उचलून आणवला. फियाटवाल्यांना तर कुर्ला आणि चोर बाजार एका रात्रीच्या गाडीवर आहे, तरी ऑनलाइन का जातात कळत नाही.

आग्रारोड (धुळे)

अँबॅसिडरवाला आला की मल्लिक बाजार आलाच. (हलके घ्या.) चोर बाजारातला पण कोणाच्या तरी गाडीवर आपटलेलाच असतो ना दादा.

शेवभाजी (चाळीसगाव)

एवढी माथापच्ची कशाला? लोखंडी पाइपचा मस्त गार्ड करून घ्या. आमच्याकडे फॅब्रिकेशनवाले दोन दिवसांत देतात. कन्नड घाटात समोरून ट्रक दाबत आला तरी टेन्शन नाही.

दोंडाईचाकर (सध्या नाशिक)

शेवभाजी, ट्रक आला तर गार्ड काय करणार हो! असे गार्ड काढायला लावा म्हणून केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते बसत नाही. कायदा सोडा, पाइपचा गार्ड थेट चेसिसला बांधलेला असतो. बारीकसा धक्का बसला तरी तो न दबता मागे चेसिसमध्ये जातो. आणि समोर माणूस आला तर त्याचं काय होतं ते सांगायला नको. पन्नास वर्षांच्या फियाटला तर तो शोभणारही नाही.

धातूकाम (भुसावळ)

मेहुण्यांच्या सूचनेबद्दल लिहिते. माझी नोकरी धातूंमध्येच गेली, त्यामुळे थोडं लांबेल.

लोक 'क्रोम केलं' म्हणतात, पण चांगल्या बंपरवर तीन थर असतात. तळाला तांबं, त्यावर निकेल, सगळ्यात वर क्रोमियम. वरचा क्रोमियमचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनचा किंवा त्याहून पातळ. त्याचं काम निळसर चमक देणं आणि ओरखडे न उठू देणं, एवढंच. गंज अडवतं ते खालचं निकेल. ते वीस-तीस मायक्रॉन असलं तर बंपर टिकतो. स्वस्तातल्या कामात निकेलचा थरच पातळ ठेवतात, कारण चमक पहिल्या दिवशी जाड-पातळ दोन्हींची सारखीच दिसते. म्हणून भाव विचारताना 'क्रोम किती' असं न विचारता 'निकेलच्या टाकीत किती वेळ ठेवणार' असं विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला की समजून जा.

जुन्यावर प्लेटिंग करायचं तर आधी जुने थर उतरवावे लागतात. ते उतरले की खरा बंपर दिसतो, आणि तो बहुतेक वेळा चाळणी झालेला असतो. बारीक खड्डे तांब्याने भरून घासता येतात. आरपार भोकं वेल्डिंगने भरावी लागतात, मग घासाई, आणि प्रत्येक घासाईत पत्रा अजून पातळ होतो. तुमच्या पुढच्या बंपरमध्ये पेचकस जात असेल तर तो प्लेटिंगच्या पलीकडे गेला. मागचा मात्र टाकू नका.

आपल्याकडे हे काम करणारी दुकानंही कमी होत चालली आहेत, आणि त्याला कारण आहे. त्या टाकीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, ते कर्करोग करणारं आहे. इलेक्ट्रोप्लेटिंग प्रदूषणाच्या रेड कॅटेगरीत येतं, सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागते. गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये कोणी स्वस्तात करून देत असेल तर ते पाणी कुठे जातं हेही बघा.

आणखी एक. क्रोमचा थर ठिसूळ असतो. प्लेटिंग झालेला बंपर वाकवून बसवायला गेलात तर बाहेरच्या वळणावर बारीक तडे जातात. आज दिसणार नाहीत, पण पाणी त्यातूनच आत जाणार. त्यामुळे 'जोर लावून जुळवलं' हे वाचून मी जरा घाबरले.

डिलाइट_सत्तर (अमळनेर)

ताई, जोर हातानेच लावला होता, हातोडा नाही. तरी आता तेही थांबवलं.

आग्रारोड दादा, जुना बंपर परत लावून बघितला. चारही बोल्ट बोटांनी गेले. म्हणजे नवाच चुकीचा ना? व्हर्निअर पण लावला, पत्रा १.६ निघाला.

इंची_पाना (जळगाव)

१.६ म्हणजे १६ गेज. वाटलं होतं त्यापेक्षा बरा आहे. तरी परत पाठवा.

आग्रारोड (धुळे)

नही भो. जुना सहज बसना आनि नवा बसत नही, याना अर्थ बंपर वाकडा नही, गाडी वाकडी शे.

आता नीट ऐक. जुन्या गाड्यांना कधी ना कधी ठोकर बसलेली असते. गॅरेजवाला मडगार्ड काढतो, रंग मारतो, आणि बंपर ठोकून-ठोकून वाकड्या ब्रॅकेटला जुळवून देतो. पुढची चाळीस वर्षं तो वाकड्याला वाकडा बसतो, कोणाला कळत नाही. नवा सरळ बंपर आला की ती जुनी ठोकर उघडी पडते. माझ्याकडे आलेल्या अशा निम्म्याहून जास्त गाड्यांत हेच निघालं.

गाडी मोजून घे. सपाट फरशीवर उभी कर, चारही टायरमध्ये सारखी हवा. बंपर काढ. दोन्ही ब्रॅकेटच्या पुढच्या भोकातून ओळंबा सोड, जमिनीवर खडूने खूण कर. मग मागे जाऊन पुढच्या सस्पेन्शनचा क्रॉसमेंबर (आडवा दांडा) चेसिसला जिथे बोल्टने बसतो तिथला डावा-उजवा एकच बोल्ट धर, त्यांचाही ओळंबा घे. चार खुणा झाल्या की गाडी ढकलून बाजूला घे आणि कर्ण मोज. पुढचा डावा ते मागचा उजवा, पुढचा उजवा ते मागचा डावा. दोन्ही सारखे तर पुढचा भाग सरळ. उंचीसाठी गवंड्याची पाण्याची नळी घे, टेपवर विश्वास ठेवू नको. आपल्याकडच्या फरश्या कुठे लेव्हलच्या असतात.

केळीचं_खोड (रावेर)

धागा वाचतोय. माझ्याकडे ८० च्या दशकातली पद्मिनी आहे. एक शंका, स्टीलचा बंपर का नाही घेतला? एसएस म्हणजे गंजाचं नावच नाही. परदेशातल्या जुन्या गाड्यांना व्हिएतनामहून स्टेनलेसचे बंपर करून येतात असं वाचलंय. इथे रेलिंगवाला फैजपूरला करून देईल असं म्हणतो.

धातूकाम (भुसावळ)

गंजाचं नावच नाही असं नसतं हो. नळीचं रेलिंग करणारे बहुतेक जण २०२ वापरतात. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त. पावसात त्यावर चहासारखे तपकिरी डाग उठतात. बंपरला ३०४ मागा, म्हणजे १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. चुंबक लावून ओळखायला जाऊ नका. २०२ ला पण चुंबक चिकटत नाही, आणि अस्सल ३०४ प्रेसमध्ये वाकवलं की वळणावर थोडं चिकटायला लागतं. थेंब टाकून रंग बघायचं टेस्टिंगचं द्रावण मिळतं, नाहीतर माल घेताना बिलावर ग्रेड लिहून घ्या.

दुसरं, स्टेनलेस वाकवताना कडक होत जातं. साध्या लोखंडाचं वळण जरा चुकलं तर लाकडी हातोड्याने समजूत घालता येते, स्टेनलेस ऐकत नाही. रेलिंगवाल्याकडे नळी वाकवायचं यंत्र आहे. बंपरला लागतं ते दोन्ही दिशांनी वळण. त्याने तुकडे जोडून केला तर वेल्डच्या खुणा उन्हात दिसतात. आणि रंग. क्रोम निळसर दिसतं, स्टेनलेस किंचित पिवळट. ग्रिल आणि हेडलाइटच्या रिंगा क्रोमच्या, बंपर स्टेनलेसचा, हे शेजारी शेजारी कळतं. तुम्हाला चालत असेल तर ३०४ चा बंपर टिकाऊपणात सरस आहे, हेही खरं.

बसवताना मात्र स्टेनलेस आणि ब्रॅकेटच्या लोखंडाच्या मध्ये रबर किंवा नायलॉनचा वॉशर घाला. दोन धातू ओले राहिले की त्यांच्यात बॅटरीसारखं चालू होतं आणि झिजतं ते बिचारं लोखंड. साधा लोखंडी बोल्ट तर सगळ्यात आधी जातो. बोल्टही स्टेनलेसचे घेतले तर आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय आवळू नका, नट जागच्या जागी जाम होतो आणि मग कापावाच लागतो.

डिलाइट_सत्तर (अमळनेर)

मोजून झालं. थोरल्या काकांनी पाण्याची नळी धरली, पोरांनी ओळंबा. कर्णांत १२ मिलिमीटरचा फरक आला. उजवं टोक मागे गेलंय. उंचीत म्हणण्यासारखा फरक नाही.

वडिलांना विचारलं तर म्हणाले, हो, फार वर्षांपूर्वी पारोळा रस्त्यावर कापसाच्या ट्रॉलीला उजवा कोपरा लागला होता. "तवाच नीट करी टाकेल व्हती" असंही म्हणाले. आता हे १२ मिलिमीटर कुठून काढायचे? मेकॅनिक म्हणतो चेसिसचं टोक साखळीने ओढू.

आग्रारोड (धुळे)

साखळी नको! बारा मिलिमीटरसाठी कोणी चेसिस ओढत नाही. ही गाडी मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी हीच चेसिस, जीपसारखी वेगळी चेसिस नाही. टोक ओढलं तर मडगार्डपासून बॉनेटपर्यंत सगळ्या फटी हलतात. आधी दोन्ही ब्रॅकेट काढ. सपाट लोखंडी प्लेटवर पाठीला पाठ लावून ठेव. डावं-उजवं एकमेकांचं आरशातलं रूप असायला हवं. ठोकर बसली की आधी ब्रॅकेट वाकतं, चेसिस नंतर.

बोल्ट जाम असतील तर आदल्या रात्री डिझेल आणि ऑइल टाकून ठेव, सकाळी दोनदा घट्ट बाजूला थोडं, मग सैल बाजूला. पुढे गॅसची ज्योत लावायची वेळ आलीच तर बॅटरी काढून ठेव, वायरिंग बाजूला बांध. मागच्या बंपरला मात्र ज्योत अजिबात नाही. पेट्रोलची टाकी मागेच आहे. तिथे कापायची वेळ आली तर हॅक्सॉ.

इंची_पाना (जळगाव)

हे मान्य करायला पाहिजे, गाडी मोजायचा विचार मला आला नव्हता. बोल्ट घेताना लक्षात ठेवा, फियाटचे आटे मिलिमीटरचे. अँबॅसिडरचे बहुतेक इंची. दुकानदार 'चालतो' म्हणून जो देतो तो दोन वेढे जातो आणि आटे खाऊन टाकतो.

डिलाइट_सत्तर (अमळनेर)

दादांचं बरोबर निघालं. उजवं ब्रॅकेट नऊ मिलिमीटर वाकलेलं होतं. लोहाराने भट्टीत तापवून डाव्यावरून बरोबर सरळ करून दिलं. चेसिसच्या टोकात तीनच मिलिमीटर राहिले. त्याला चार वॉशर टाकू का?

धातूकाम (भुसावळ)

वॉशरची चळत नको. गाडी हलली की एकेक फिरतो आणि बोल्ट सैल होतो, शिवाय मध्ये चिखल बसतो. तीन मिलिमीटरच्या पट्टीतून ब्रॅकेटच्या पायाएवढा एकच तुकडा कापून घ्या, भोकं पाडून घ्या, प्रायमर मारा. तापवलेल्या ब्रॅकेटवरचा काळा पापुद्रा घासून काढल्याशिवाय रंग लावू नका, नाहीतर रंग त्या पापुद्र्यासकट निघेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बंपर लावायच्या आधी त्याची आतली बाजू रंगवा. प्लेटिंगच्या टाकीत क्रोम आणि निकेल खोलगट भागात नीट पोहोचतच नाही. बाहेरून आरसा आणि आतून जेमतेम झाकलेलं लोखंड, सगळे बंपर असेच असतात. त्यात आपली काळी माती. कपाशीच्या दिवसांत शेताच्या रस्त्याने एकदा गेलात की बंपरच्या आत ती थापली जाते आणि दिवाळीपर्यंत ओल धरून बसते. तुमचा जुना बंपर आतून सडला तो त्याच्यामुळेच. इपॉक्सी प्रायमर, वर काळा रंग. गाडी धुताना पाण्याचा पाइप आतून फिरवायची सवय लावा.

आग्रारोड (धुळे)

आता बसवताना. मडगार्डच्या कडांना दोन-तीन थर मास्किंग टेप लाव. बंपर दोघांनी धरायचा, खाली गोधडी. चारही बोल्ट बोटांनी अडकव, पाना हातात घेऊ नको. मग मडगार्डपासूनची फट दोन्हीकडे सारखी कर, आठ-दहा मिलिमीटर राहू दे. अंगाला चिकटवू नको. खड्ड्यात बंपर आणि बॉडी वेगवेगळे हलतात, टेकला की रंग गेला. फट झाली की आतले बोल्ट आधी, मग बाहेरचे, थोडे थोडे करून आवळ. ओव्हररायडर (बंपरवरचे उभे ठोकळे) शेवटी, आणि त्याच्या खालचा रबर विसरू नको. रबर नसला की तिथेच पाणी साचतं.

शेवटचं टेपने बघू नको. पंधरा फूट मागे जाऊन उकिडवा बस आणि हेडलाइटच्या रेषेशी बंपर बघ. जुन्या गाडीची ग्रिल, दिवे, बॉनेट, काहीच टेपला सरळ नसतं. टेपला बरोबर पण डोळ्याला तिरपा दिसणारा बंपर रोज त्रास देतो.

केळीचं_खोड (रावेर)

नंबर प्लेटचं काय? नव्या बंपरला भोकं नाहीत.

दोंडाईचाकर (सध्या नाशिक)

एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना पण आता एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लागते. तिचं लॉक एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. त्यामुळे बंपर पक्का बसल्याशिवाय प्लेट लावून घेऊ नका. प्लेटसाठी बंपरला भोक न पाडता मागच्या ब्रॅकेटच्या बोल्टला धरून एक पट्टी खाली काढा, प्लेट तिच्यावर.

डिलाइट भाऊ, तुमची गाडी पन्नासच्या पुढे गेली आहे. २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आहे, नंबरमध्ये 'व्हीए' येतं. पहिल्यांदा २० हजार फी, दहा वर्षं चालते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. बंपर बदलला म्हणून कोणी अडवेल असं मला वाटत नाही. पण घाई करू नका. ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर. तुमची चोपड्याची फेरी बंद होईल.

डिलाइट_सत्तर (अमळनेर)

मग नकोच. चोपड्याला जायचं नसेल तर गाडी ठेवायची कशाला.

शेवभाजी (चाळीसगाव)

जुन्या मागच्या बंपरवर बारीक गंजाचे ठिपके असतील तर ॲल्युमिनियमचा डबेवाला कागद चुरगळून पाण्यात बुडवून घासा. माझ्या सायकलच्या हँडलवर केलंय, क्रोमला ओरखडा येत नाही. गार्डचं सोडा, हे तरी ऐका.

धातूकाम (भुसावळ)

हे अगदी बरोबर आहे. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं. भांड्यांची तारेची घासणी मात्र नको. धुतल्यावर लगेच कोरडं पुसा, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग उन्हात वाळले की निघता निघत नाहीत.

डिलाइट_सत्तर (अमळनेर)

पुढचा बसला. दोन्हीकडे नऊ मिलिमीटरची फट, बोल्ट सगळे बोटांनी गेले, नव्या बंपरला कानस लागली नाही. मेकॅनिकने ग्राइंडर पेटीत ठेवला आणि आता तोच दुसऱ्या गिऱ्हाइकाला ओळंबा सांगतोय. एक मात्र झालं. बंपर सरळ झाल्यापासून उजव्या हेडलाइटची रिंग खाली झुकलेली दिसते. आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

आग्रारोड (धुळे)

ती बी ट्रॉलीनीच. रिंग काढ, मागच्या वाटीचे स्क्रू बघ. वाटी वाकलेली असेल तर नवा धागा काढ, इथे बंपरच राहू दे.

केळीचं_खोड (रावेर)

डिलाइट भाऊ, मागचा बसवताना डाव्या-उजव्या ब्रॅकेटचे फोटो टाका, मोजपट्टी ठेवून. मीपण या रविवारी माझी पद्मिनी मोजतो.

डिलाइट_सत्तर (अमळनेर)

टाकतो. मागचे बोल्ट डिझेलमध्ये भिजत घातलेत.